डेम्लो संख्या आणि प्रचंड संयुक्त संख्यांचा प्रश्न : द. रा. कापरेकर यांच्या एका दुर्लक्षित कार्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मराठी वाचकाला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे नाव प्रामुख्याने ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे परिचित आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक समान नसावेत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करावी. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ ही संख्या येते. हा शोध त्यांनी १९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत मांडला आणि पुढे तो जगभर पोहोचला. या प्रसिद्धीच्या छायेत त्यांचे त्याआधीचे एक कार्य मात्र झाकोळले गेले. ते कार्य म्हणजे 'डेम्लो संख्यां'चा अभ्यास होय.

डेम्लो संख्यांचा उल्लेख बहुधा 'अंकांची गंमत' या सदराखाली केला जातो. १२१, १२३२१, १२३४३२१ अशी डौलदार मांडणी दाखविली जाते आणि विषय संपतो. परंतु या संख्यांच्या रचनेत शिरल्यास त्या एका अत्यंत गंभीर प्रश्नाच्या दाराशी आपणांस नेऊन सोडतात. एखादी प्रचंड संख्या संयुक्त आहे हे कळणे आणि तिचे अवयव कळणे, या दोन गोष्टींत नेमके किती अंतर असते, हा तो प्रश्न होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच अंतरावर गुप्तलेखनाचे संपूर्ण शास्त्र उभे राहिले. या दृष्टीने डेम्लो संख्यांचे ऐतिहासिक स्थान निश्चित करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

कापरेकरांची वाटचाल :

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाणे येथे आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना स्वतंत्र गणितीय लेखनासाठी रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले नाही. १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक होते. 'गणितानंद' या नावानेही ते ओळखले जात.

देवळाली हे लष्करी छावणीचे गाव आहे. आपल्या देहूरोडप्रमाणेच तेथेही कटक मंडळ, लष्करी आस्थापना आणि रेल्वेचे स्थानक यांभोवती वस्ती वाढली. अशा गावात विद्यापीठ नसते, संशोधन ग्रंथालय नसते आणि चर्चेसाठी गणितज्ञांचा गटही नसतो. कापरेकरांनी आपले बहुतेक लेखन अशा परिस्थितीत कागद आणि पेन्सिल यांच्या साहाय्याने केले आणि काही पुस्तिका स्वतःच देवळालीहून प्रकाशित केल्या. त्यांत १९४८ ची डेम्लो संख्यांवरील पुस्तिका आणि १९५० ची आवर्ती दशांशांच्या चक्रांवरील पुस्तिका यांचा समावेश होतो.

त्यांची पूर्णतः उपेक्षा झाली, हा रूढ समज मात्र तपासून घेतला पाहिजे. डेम्लो संख्यांवरील त्यांचा लेख १९३८ मध्ये भारतीय गणित संस्थेच्या 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात आला. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्यासह लिहिलेला 'डेम्लो संख्यांचा सिद्धान्त' हा लेख मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. ६१७४ वरील टिपण १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त छापले गेले. म्हणजे दारे पूर्णपणे बंद नव्हती. अडचण निराळीच होती. लेख छापले गेले, पण 'हे गणित किती महत्त्वाचे?' या प्रश्नाचे उत्तर प्रस्थापित गणितविश्वाने आधीच ठरवून टाकलेले होते.

डेम्लो संख्या म्हणजे काय? :

'डेम्लो' हे नाव एका रेल्वे स्थानकावरून आले आहे. तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेल्या या स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवली येथे, कापरेकरांना या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली, असे सांगितले जाते.

डेम्लो संख्येचे तीन भाग असतात. डावा व उजवा भाग समान अंकांचे असून त्यांची बेरीज केली असता एकच अंक पुन्हा पुन्हा येतो. आणि मधल्या भागात तोच अंक कितीही वेळा लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, १६५ मध्ये १ + ५ = ६ आणि मध्ये ६ आहे. १७७६ मध्ये १ + ६ = ७ आणि मध्ये दोन वेळा ७ आहे. १२३३३२१ मध्ये १२ + २१ = ३३ आणि मध्ये तीन वेळा ३ आहे.

१२१, १२३२१, १२३४३२१ ते १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्यांना कापरेकरांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटले. त्या अनुक्रमे ११, १११, ११११ ते १११११११११ यांचे वर्ग आहेत. त्याही वरील व्याख्येत बसतात; शेवटच्या संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९ आणि मध्यभागी ९ आहे. दहा वेळा १ लिहून वर्ग केला की हातचे मध्ये येतात आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या मिळते. तेथे डेम्लो रूप मोडते.

केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्यांना जगभर 'रिपयुनिट' म्हणतात. सोयीसाठी येथे त्यांना 'एकक-संख्या' म्हणू आणि न वेळा १ लिहून होणारी संख्या ए(न) अशी लिहू. म्हणजे ए(४) = ११११. तसेच १० चा न वा घात घ(न) असा लिहू. ए(न) ला ९ ने गुणल्यास न वेळा ९ येतात; म्हणून घ(न) = ९ × ए(न) + १.

प्रत्येक डेम्लो संख्या संयुक्त असते :

समजा डावा भाग ड, उजवा भाग उ, दोन्ही क अंकी. मधला अंक म आणि तो ख वेळा आला आहे. मग

संख्या = ड × घ(क+ख) + म × ए(ख) × घ(क) + उ.

घ(क+ख) च्या जागी ९ × ए(क+ख) + १ ठेवावे. त्यातून सुटलेला ड हा उ मध्ये मिळविला की व्याख्येनुसार ड + उ = म × ए(क). आता ए(क) + ए(ख) × घ(क) म्हणजे ख एककांच्या पुढे क एकक लिहिणे, म्हणजेच ए(क+ख). म्हणून

संख्या = ए(क+ख) × (९ × ड + म).

हे समीकरण शाळेच्या बीजगणितातील आहे, पण त्याचा अर्थ मोठा आहे. प्रत्येक डेम्लो संख्या एखाद्या एकक-संख्येच्या पटीत असते. म्हणून ती कितीही अंकी असली तरी संयुक्तच असते. १७७६ = १११ × १६ आणि १२३२१ = १११ × १११ ही त्याची उदाहरणे आहेत. संख्या पुरेशी मोठी असेल तर ती मूळ आहे की संयुक्त, हे ठरविणे एरवी कष्टाचे असते. येथे ते नुसत्या रूपावरून कळते.

बहात्तर अंकी संख्येची कसोटी :

आता एक विशिष्ट संख्या घेऊ. प्रथम १, मग सत्तर वेळा ७ आणि शेवटी ६ लिहावेत. ही बहात्तर अंकी डेम्लो संख्या आहे. येथे ड = १, म = ७, क = १, ख = ७०. वरील समीकरणाने ही संख्या = १६ × ए(७१). म्हणजे ती संयुक्त असल्याचे देवळालीचा शिक्षक १९३८ मध्ये क्षणात सांगू शकला असता. पण ए(७१) चे अवयव कोणते?

येथे आवर्ती दशांशांचा संबंध येतो. १/७ = ०.१४२८५७१४२८५७... यात आवर्तन सहा अंकांचे आहे; म्हणून ७ ने ए(६) = ११११११ ला पूर्ण भाग जातो. १/४१ = ०.०२४३९०२४३९... यात आवर्तन पाच अंकांचे आहे; म्हणून ४१ ने ए(५) ला भाग जातो आणि १११११ = ४१ × २७१ हे अवयव मिळतात. सर्वसाधारणपणे २, ३ व ५ सोडून कोणत्याही मूळ संख्येच्या व्यस्ताचे आवर्तन जितक्या अंकांचे असेल, त्या संख्येने किंवा तिच्या पटीने दर्शविलेल्या एकक-संख्यांनाच ती मूळ संख्या भागते. कापरेकरांनी १९५० च्या पुस्तिकेत ३ पासून १६१ पर्यंतच्या संख्यांची आवर्तनचक्रे तपासली होती. त्यांचे हे दोन अभ्यास वरवर वेगळे दिसतात, पण मुळात ते एकाच विषयाच्या दोन बाजू आहेत.

न ही संख्या संयुक्त असेल तर ए(न) चे काही अवयव लगेच मिळतात. आपल्या बहात्तर अंकी संख्येतून केवळ एक ७ काढला तर १६ × ए(७०) मिळेल, आणि ए(७०) ला ए(२), ए(५) व ए(७) यांनी भाग जात असल्याने ११, ४१, २७१, २३९, ४६४९ हे मूळ अवयव तात्काळ हाती येतील. परंतु ७१ ही मूळ संख्या आहे. त्यामुळे ए(७१) च्या प्रत्येक मूळ अवयवाच्या व्यस्ताचे आवर्तन बरोबर ७१ अंकांचेच असले पाहिजे, आणि तो अवयव १४२ च्या एखाद्या पटीपेक्षा १ ने मोठा असला पाहिजे. याहून अधिक मदत रूपाकडून मिळत नाही. एका ७ च्या फरकाने सोपा प्रश्न जवळजवळ अभेद्य होतो.

हे अवयव मिळाले ते १९८४ मध्ये. अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत क्रे या महासंगणकावर ए(७१) चे अवयव पाडण्यात आले. ते असे :

२४१५७३१४२३९३६२७६७३५७६९५७४३९०४९

आणि

४५९९४८११३४७८८६८४६३१०२२१७२८८९५२२३०३४३०१८३९.

पहिला अवयव ३० अंकी व दुसरा ४१ अंकी असून दोन्ही मूळ संख्या आहेत. एकामागून एक भाजक तपासत गेल्यास, केवळ १४२ च्या पटीहून १ ने मोठ्या संख्याच घेतल्या तरी, पहिल्या अवयवापर्यंत पोहोचण्यास १७ वर २६ शून्ये इतक्या संख्या तपासाव्या लागल्या असत्या. म्हणून तेथे 'वर्ग-चाळणी' ही पद्धत वापरली गेली. कार्ल पॉमरन्स यांनी ती १९८१ च्या सुमारास मांडली होती. ज्यांच्या वर्गांच्या वजाबाकीला दिलेल्या संख्येने पूर्ण भाग जातो अशा दोन संख्या शोधणे आणि त्यांच्या फरकातून अवयव काढणे, हे तिचे मूळ सूत्र आहे. म्हणजे आपल्या बहात्तर अंकी संख्येचे पूर्ण मूळ अवयव कापरेकरांच्या निधनापूर्वी अवघी दोन वर्षे अगोदर जगाला कळले.

उलट दिशेचा प्रश्नही असाच कठीण आहे. ए(२), ए(१९) आणि ए(२३) मूळ असल्याचे १९३८ पूर्वी ज्ञात होते. ए(१०३१) मूळ असल्याची ह्यू विल्यम्स व हार्वी डबनर यांची सिद्धता १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली; ए(४९०८१) मूळ असल्याचे २०२२ मध्ये आणि ए(८६४५३) मूळ असल्याचे २०२३ मध्ये सिद्ध झाले.

हार्डी यांचा आक्षेप :

डेम्लो संख्यांवरील लेख प्रसिद्ध होत असतानाच, १९४० मध्ये, इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांचे 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' हे पुस्तक आले. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या स्वतःच्या उलट्या संख्येच्या पटीत आहेत (८७१२ = ४ × २१७८, ९८०१ = ९ × १०८९), हे उदाहरण देऊन त्यांनी अशी तथ्ये कोड्यांच्या सदराला शोभतात, गणितज्ञाला त्यांत काही मिळत नाही, असा अभिप्राय दिला. त्यांच्या मते गंभीर प्रमेय सामान्यीकरणक्षम असते. ही तथ्ये तशी नसतात.

हा आक्षेप थेट कापरेकरांविषयी नव्हता, पण त्यांच्या कार्याकडे पाहण्याची दृष्टी त्यातून स्पष्ट होते. आक्षेपात तथ्य आहे. दशमान पद्धती ही मानवी सोय आहे. संख्येचा तो अंगभूत गुण नव्हे. १२३४५६७८९८७६५४३२१ चे सौंदर्य आठ किंवा बारा या पायावर तसेच राहत नाही. तथापि वरील सिद्धतेत १० च्या जागी कोणताही पाया प ठेवला आणि ९ च्या जागी प − १ ठेवले, तर ती अक्षरशः तशीच टिकते. पाया २ घेतल्यास एकक-संख्या म्हणजे २ च्या घातातून १ वजा केलेल्या संख्या, अर्थात संख्याशास्त्रातील सुप्रसिद्ध मर्सेन संख्या होत. म्हणजे डेम्लो संख्यांचे बाह्य रूप दशमानाचे असले तरी त्यांचा गाभा सामान्यीकरणक्षम आहे.

हार्डींची दोन्ही उदाहरणेही या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. ८७१२ = ७२ × १२१ आणि ९८०१ = ८१ × १२१. दोन्ही संख्या पहिल्या अद्भुत डेम्लो संख्येच्या पटीत आहेत. शिवाय ९८०१ हा ९९ चा वर्ग असून ९८ + ०१ = ९९; हाच 'कापरेकर संख्ये'चा गुणधर्म होय.

परंपरेचा धागा :

एकक-संख्यांचे आकर्षण नवीन नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष (राज्यकाल सुमारे इ. स. ८१४-८७८) याच्या काळात, सुमारे ८५० मध्ये महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता. एम. रंगाचार्य यांनी संपादित केलेली या ग्रंथाची आवृत्ती इंग्रजी भाषांतरासह १९१२ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध झाली. त्यात गुणाकाराच्या प्रकरणात कंठहारासारख्या, दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या गुणाकारांची उदाहरणे आहेत. १५२२०७ × ७३ = ११११११११ हे त्यांपैकी एक; येथे गुणाकार ए(८) येतो. दुसरे उदाहरण २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ असे आहे. हा गुणाकार म्हणजे ए(६) चा वर्ग, अर्थात कापरेकरांच्या परिभाषेतील अद्भुत डेम्लो संख्या होय. त्याचे रहस्य ११११११ = २१ × ५२९१ या अवयवांत आहे; ४४१ हा २१ चा आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे.

यावरून महावीराचार्य ते कापरेकर अशी सलग परंपरा होती, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. एवढेच म्हणता येते की, अशी उदाहरणे रचण्यासाठी एकक-संख्यांचे अवयव माहीत असावे लागतात. जे वरून अलंकार दिसते त्याच्या मुळाशी अवयवांचे ज्ञान असते. महावीराचार्यांच्या कंठहाराबाबत हे जितके खरे आहे तितकेच डेम्लो संख्यांबाबतही.

एकाच सदरातील दोन लेख :

'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील मार्टिन गार्डनर यांच्या गणितरंजनाच्या सदरात मार्च १९७५ मध्ये कापरेकरांच्या कार्याचा परिचय आला आणि त्यांचे नाव जगभर झाले. त्याच सदरात ऑगस्ट १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांची नवी गुप्तलेखन पद्धती प्रथम सर्वसामान्य वाचकांपुढे आली. तिच्यासोबत १२९ अंकी संयुक्त संख्येचे अवयव पाडण्याचे आव्हान होते. ते अवयव १९९४ मध्ये, इंटरनेटद्वारे जोडलेल्या शेकडो स्वयंसेवकांच्या संगणकांवर, वर्ग-चाळणीच्याच सुधारित रूपाने मिळाले. या मालिकेतील २५० अंकी संख्येचे अवयव २०२० मध्ये पाडले गेले. आज या पद्धतीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या २०४८ बिटांच्या किल्लीत ६१७ अंकी संयुक्त संख्या असते.

हार्डींनी ज्या 'कोड्यांच्या सदरा'कडे बोट दाखविले होते, त्याच प्रकारच्या एका सदरातून अडीच वर्षांच्या अंतराने देवळालीचा शिक्षक आणि संगणकयुगातील गुप्तलेखन हे दोन्ही जगापुढे आले. हा योगायोग आहे. कापरेकरांनी गुप्तलेखनाची कल्पना केली नव्हती आणि मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची नवी पद्धतही त्यांनी दिली नाही. परंतु रंजक आणि गंभीर यांच्यामधली भिंत वाटते तितकी पक्की नसते, हे या योगायोगाने दाखवून दिले.

निष्कर्ष :

१) डेम्लो संख्या ही केवळ अंकांची आकर्षक मांडणी नाही. प्रत्येक डेम्लो संख्या एकक-संख्येच्या पटीत असते आणि म्हणून निरपवादपणे संयुक्त असते.

२) संख्येचे रूप तिचे संयुक्तत्व उघड करते, पण तिचे सर्व मूळ अवयव उघड करीत नाही. १६ × ए(७१) या बहात्तर अंकी संख्येचा इतिहास हे अंतर स्पष्ट करतो.

३) कापरेकरांची उपेक्षा ही प्रकाशनाची नसून मूल्यमापनाची होती. हार्डीप्रणीत निकष अंशतः योग्य होता. पण तो डेम्लो संख्यांच्या बाह्य रूपाला लागू पडतो, गाभ्याला नाही.

४) कापरेकरांचे श्रेय फुगवून सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांनी नेमके प्रश्न विचारले, चिकाटीने उदाहरणे गोळा केली आणि नोंदी छापून ठेवल्या. इतिहासाला तेवढे पुरेसे असते.

पदवीच्या गणित अभ्यासक्रमात संख्याशास्त्र शिकविताना या उदाहरणाचा उपयोग करता येईल. देहूरोड, तळेगाव, चिंचवड येथून लोकलने महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला मोठे गणित मोठ्या संस्थांमध्येच होते असे वाटत असते. त्याच्यापुढे छावणीच्या गावात शिकविणारा आणि रेल्वे स्थानकाचे नाव संख्येला देणारा शिक्षक ठेवावा, आणि सोबत वरील चार ओळींची सिद्धताही ठेवावी. कौतुकापेक्षा सिद्धता अधिक टिकते. कापरेकरांच्या स्वयंप्रकाशित पुस्तिका शोधून त्यांची सूची करणे आणि मराठीत त्यांची सटीप आवृत्ती काढणे हे काम आपल्या महाविद्यालयांच्या गणित व इतिहास विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.